मदत हवी आहे: सेंद्रियकडे वळलेल्या शेतकऱ्यांना आमच्या कामाचा उपयोग झाला का, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत आहे. राळेगाव-कळंब पट्ट्यातल्या सहा गावांत २०२१ च्या उन्हाळ्यापासून आम्ही कापूस-तुरीच्या शेतकऱ्यांना सेंद्रियकडे वळायला मदत करतोय. मदत म्हणजे कापसाचं बिगर-बीटी सरळ वाणाचं बियाणं, दशपर्णी-जीवामृताचं (घरी बनवायचं कीडनाशक आणि खत) प्रशिक्षण, किडीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे, गांडूळखताचे बेड आणि पीजीएस गटाची (शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवायची पद्धत) सगळी कागदपत्रं. आता देणगीदार कंपनीला इम्पॅक्ट रिपोर्ट हवाय. त्यांच्या साच्यात एकच रकाना ठळक आहे: 'उत्पन्नातील वाढ, टक्के'.

बेसलाइन, म्हणजे काम सुरू होण्याआधीची नोंद, आहे आमच्याकडे, पण ती २०२०-२१ च्या हंगामाची. पुढच्याच हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्यामुळे पहिल्या वर्षाचा तक्ता पाहिला तर वाटेल, जीवामृतातून सोनंच निघालं. २०२३-२४ मध्ये हमीभाव मध्यम धाग्याला ६,६२० आणि लांब धाग्याला ७,०२० रुपये होता, बाजारही त्याच्याच आगेमागे. आता तोच तक्ता म्हणतो की आमच्या नादी लागून लोक बुडाले. दोन्ही खोटं.

दुसरी भानगड फॉर्मची. चौदा पानं आहेत. मागच्या आठवड्यात एका काकांच्या ओसरीवर बसून विचारत होतो, तीन वर्षांपूर्वी खतावर किती खर्च केला होता? ते म्हणाले, "लिहा ना तुमच्या मनानं, तुमाले जास्त समजते." मी पेन धरून बसलो. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "अन् निंदणाले किती बाया लागल्या, ते नाई का विचारत?" फॉर्म उलटापालटा करून पाहिला. निंदणाचा प्रश्नच नव्हता! तणनाशक बंद झाल्याचं आम्ही 'खर्चात बचत' म्हणून लिहिलंय, आणि ते तण उपसणारी बाई कुठेच नाही.

तिसरं, सांगायला लाज वाटते. सुरुवातीला १४० घरं होती, आज १०९ आहेत. तक्ता फक्त १०९ घरांचा आहे.

तुलनेसाठी गट कुठून आणू? मातीचे रिपोर्ट पुरावा म्हणून चालतील का? कोणी असं काम केलं असेल तर सांगा. महिनाभराची मुदत आहे.

– डवरा

प्रतिसाद

आकडेमोड्या: डवराभाऊ, भावाचं आधी निस्तरा. तिन्ही वर्षांचं उत्पादन क्विंटलमध्ये मांडा आणि सगळ्या वर्षांना एकच भाव लावा, म्हणजे बाजाराची उडी हिशेबातून जाते. रोखीचा खर्च वेगळा दाखवा. त्यासाठी लोकांच्या आठवणीवर जाऊ नका, कृषी केंद्राच्या उधारीची वही किंवा पावत्या मागा. शेतकरी भाव विसरतो, पण दुकानदार उधारी विसरत नाही.

तुलनेसाठी शेजारचा शेतकरी धरू नका. एक तर तो तुमचं बघून दशपर्णी करायला लागलेला असतो. दुसरं, तुमच्याकडे आले ते बहुतेक गायीगुरं असलेले, आधीपासूनच कमी फवारणी करणारे असणार. ते पुढे दिसले तर श्रेय तुमचं की गोठ्याचं? पुढच्या वर्षी नवी गावं घेणार असाल तर त्यांची नोंदणी आत्ताच करा आणि याच हंगामाचा हिशेब त्यांच्याकडूनही घ्या. तीही यायला तयार झालेली माणसं आहेत, फक्त अजून आलेली नाहीत. यापेक्षा बरा गट एवढ्या मुदतीत मिळणार नाही.

काळीभोर: मातीबद्दल. सेंद्रिय कर्ब (मातीत कुजून मिसळलेला कार्बन) तीन वर्षांत ठळक वाढल्याचे तक्ते दिसले की मी आधी विचारतो, नमुना कुठून आणि कधी घेतला? पहिल्या वर्षी मे महिन्यात, तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर. एकदा बांधाजवळून, एकदा उकिरड्याच्या जागेवरून. मग फरक दिसणारच. घ्यायचाच तर त्याच शेतात, खरिपाआधी, १५ ते २० सेंमीपर्यंत व्ही आकाराचा खड्डा करून, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, आणि प्रयोगशाळाही तीच. तरी कोरडवाहूत दोन-तीन वर्षांचा फरक इतका बारीक असतो की तपासणीतल्या चुकीत सहज बुडतो. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात म्हणून बारा आलेख काढायची गरज नाही. माझं मत विचाराल तर या अहवालातून माती वगळा.

धुऱ्यावरचा: मी दोन वर्षं असाच एक प्रकल्प सांभाळलाय. मला तो उत्पन्नाचा रकानाच पटत नाही. हंगामी पिकाला परिवर्तनाचा, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे जायचा, काळ साधारण दोन वर्षांचा. तेवढ्या काळात मालावर 'पीजीएस-ग्रीन' असा शिक्का लागतो, पूर्ण सेंद्रियचा 'पीजीएस-ऑरगॅनिक' त्यानंतर. ग्रीनचा कापूस घेऊन माणूस बाजारात जातो तेव्हा व्यापारी बीटीच्याच ढिगात ओततो आणि तोच भाव देतो. उतारा घटलेला, भाव तोच, वाढ होणार कुठून? या वर्षांत शेतकरी टिकला का, हे बघा. सावकाराची किंवा कृषी केंद्राची उधारी किती उरली, हंगामाच्या सुरुवातीला रोख किती लागली, फवारण्या किती झाल्या.

आपल्या जिल्ह्यात २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. इथल्या बायकांना विचारा, पंप घरात येणं बंद झालं याची किंमत त्या टक्क्यांत सांगत नाहीत, पण सांगतात.

आणि काकूंचा रकाना टाकाच. एकरी निंदणाचे दिवस किती, त्यात मजुरीचे किती आणि घरच्या बाईचे किती. घरचे दिवस गावच्या मजुरीच्या दरानं धरले की काही घरांचा नफा उणे होईल. होऊ द्या.

डवरा: सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून फॉर्म चार पानांवर आणला. माती काढली. निंदण आणि उधारी आली. एकाच भावानं मांडल्यावर उत्पादन पहिल्या वर्षी घटलेलं आणि तिसऱ्या वर्षी जवळपास आधीएवढं दिसतंय. रोख खर्च बराच उतरलाय. देणगीदाराला हे कितपत रुचेल ठाऊक नाही, पण फोनवर सांगितलं तेव्हा कंपनीच्या बाई शांतपणे ऐकत होत्या.

राहिली ती ३१ घरं. ती का गेली हे विचारल्याशिवाय अहवाल पाठवायचा नाही, असं ठरवलंय. पण त्यातल्या काहींनी गुलाबी बोंडअळीत मार खाल्ला तेव्हा आमचा माणूस पंधरा दिवस फिरकला नव्हता. आता कोणत्या तोंडानं जाऊ?

धुऱ्यावरचा: सकाळी जा, वेचणीला निघायच्या आधी. फॉर्म पिशवीतच ठेवा. आधी त्या पंधरा दिवसांचं तुम्हीच काढा, त्यांनी काढायची वाट बघू नका. शिव्या देतील, चहाही देतील. लिहायचं ते घरी येऊन लिहा.

आकडेमोड्या: आणि त्या ३१ घरांचा आकडा तक्त्यातच घ्या, तळटीपेत नको.