खोटी नोट सापडली की बाकीच्या बँकांना नेमकं काय कळवतात?

चौकस_कारकून: एका बँकेत खोटी नोट निघाली की बाकीच्यांना सावध करतात म्हणे, पण कळवतात काय, नंबर? छापणारा काय येडा आहे का, तो नंबर बदलेलच की. आणि नोट तपासायचं ते आयोडीनवालं पेन, त्याने एक रेघ मारली की झालं का काम?

जुनी_नोट: नंबरला कमी लेखू नका हो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी साक्सेनहाउजेनच्या छळछावणीत कैद्यांकडून पौंडाच्या नोटा छापून घेतल्या होत्या, नुसत्या नजरेने धरणं महामुश्किल, पण बँक ऑफ इंग्लंड परत आलेल्या नोटांचे नंबर वहीत चढवायची, त्यामुळे एकदा जमा झालेला नंबर परत आला की बिंग फुटायचं. तरी १९४३ मध्ये त्यांनी १० पौंड आणि त्यावरच्या नोटा काढणंच बंद केलं, म्हणजे बघा.

शाईवाला: पेनाच्या नादी लागू नका. साध्या कागदात स्टार्च असतो म्हणून रेघ काळी पडते, डॉलरचा कागद कापूस आणि लिननचा, त्यावर फिकट राहते, बास, एवढंच त्याला कळतं. आता कोणी ५ डॉलरची खरी नोट धुऊन शाई काढली आणि त्याच कागदावर १०० छापले तर? पेन खुशाल पास करणार! असे प्रकार झालेत. तीच नोट उजेडासमोर धरा, वॉटरमार्कमध्ये १००वरच्या फ्रँकलिनच्या जागी ५वरचा लिंकन दिसतो (५ची नोट २००८च्या आधीची असेल तर, नंतरचीत ५चा आकडा दिसतो) 😄 यूव्ही लाइटखाली १००चा धागा गुलाबी हवा, ५चा निळा असतो.

खडूस_कॅशियर: +१. "अमुक नोटेत अमुक चूक आहे" असली सूचना फार दिवस टिकत नाही. १८६०च्या आधी अमेरिकेत शेकडो बँका आपापल्या नोटा काढायच्या, कोणती खोटी हे सांगणारी पत्रकं नियमित निघायची आणि ती विकत मिळायची, म्हणजे छापणाऱ्यालाही घरबसल्या कळणार आपलं कुठे चुकलं ते. म्हणून माझं मत, खऱ्या नोटेचीच हाताला सवय लावा, १०० डॉलरवर फ्रँकलिनच्या खांद्यावरून नख फिरवलं की खरखर लागते, साध्या प्रिंटरच्या छपाईला ती येत नाही.

चौकस_कारकून: मग पेन घेऊच नको?

शाईवाला: घ्या की, पण आधी लाइट घ्या.