मदत हवी आहे : घरात वापरायला एअरब्रश आणि कमी आवाजाचा कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

धागाकर्ता

फातोर्ड्याला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. दोन कामं आहेत: १/७२ मापाची विमानांची प्लॅस्टिक मॉडेल्स, आणि चवथीआधी फूटभर उंचीच्या दोन-तीन मातीच्या मूर्ती. रंगकाम एअरब्रशने, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या हत्याराने, रात्री ९ ते ११ या वेळेत होईल. खालच्या मजल्यावर वयस्कर माणसं आहेत, त्यामुळे आवाज कमी हवा. सगळं मिळून पंधरा हजारांत बसवायचं आहे. टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्यावा की टाकीविना छोटा चालेल? नोझल (रंग बाहेर पडतो ते तोंड) ०.२, ०.३ की ०.५ मिमी? आणि पावसाळ्यात काय सांभाळायचं?

प्रतिसाद १

टाकीवालाच घ्या. गोव्यात राहता म्हणून हे जास्त ठामपणे सांगतो.

जुलैत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ४ बारला (बार हे दाबाचं एकक) दाबून पुन्हा खोलीच्या तापमानाला आली की तिच्यात जेमतेम ६ ग्रॅम मावते. उरलेल्या २० ग्रॅमचं पाणी होतं. मिनिटाला २० लिटर हवा ओढणारा पंप ५० मिनिटं चालला की एवढं पाणी जमतं. टाकी असेल तर त्यातलं बरंचसं टाकीतच बसतं, आणि पुढे रेग्युलेटरमधून दाब कमी झाला की हवा उलट कोरडी होते. टाकी नसेल तर गरम, ओली हवा थेट पाइपात जाते, तिथे थंड होते आणि पाण्याचा थेंब नेमका मॉडेलच्या पंखावर पडतो.

एएस-१८६ नावाने मिळणारा नमुना तुमच्या कामाला पुरेल: तेलविरहित पिस्टन, १/६ एचपी, ३ लिटरची टाकी, ३ बारला सुरू आणि ४ बारला बंद. आवाज पत्रकावर ४७ डेसिबल लिहिलेला असतो. खालच्यांना मात्र हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा फरशीतून जाणारी थरथर जास्त जाणवते. कॉम्प्रेसर जाड रबरी मॅटवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. लाकडी कपाटात किंवा टेबलावर ठेवू नका, घुमतो. खोक्यात बंद तर अजिबात करू नका. हा पंप वाऱ्यावरच थंड होतो. कोंडला की तापून थर्मल कट-आऊटने बंद पडतो.

दंतवैद्यांकडे असतात तसले २४ लिटर टाकीचे तेलविरहित कॉम्प्रेसरही ‘सायलेंट’ म्हणून विकतात. ते कमी वेळा सुरू होतात, पण सुरू झाले की यापेक्षा मोठे वाजतात. रात्रीच्या कामाला नकोत.

प्रतिसाद २

एअरब्रश डबल अ‍ॅक्शन, वरच्या कपाचा घ्या. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. एकच घ्यायचा तर ०.३ मिमी. ०.२ची सुई लागते फक्त बारीक ठिपक्यांच्या कॅमफ्लाजला, आणि अ‍ॅक्रिलिक रंग तिच्या टोकावर सारखा सुकतो.

पैशांची वाटणी करताना दोन हिस्से कॉम्प्रेसरला, एक हिस्सा एअरब्रशला. इवाटा, हार्डर अँड स्टीनबेक यांची हत्यारं उत्तमच, पण या बजेटमध्ये ओढाताण होईल. साधा घेतलात तरी त्याची सुटी सुई, नोझल आणि टेफ्लॉनची सीलं मिळतात का ते आधी पाहा. नोझल हा झिजणारा भाग आहे.

रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय म्हणजे १ ते १.४ बार. गेज ट्रिगर दाबून वाचा. हवा सुटल्यावर आकडा खाली येतो आणि तोच खरा. लॅकर रंग वापरणार असाल तर भर पावसात पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. एसी लावून खोली कोरडी करा नाहीतर सावकाश उडणारा थिनर वापरा. लॅकरला सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्कच हवा. एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. एक फ्रिज दुरुस्त करणारे जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि टाकी म्हणून रिकामा गॅस सिलिंडर जोडून देतो म्हणतात. त्याचा आवाज जवळजवळ नाहीच.

प्रतिसाद १

आवाजाबद्दल ते खरं सांगतात. पण घेऊ नका, कळकळीने सांगतो. सिलिंडरला कॉम्प्रेसरचा सेफ्टी व्हॉल्व्ह नाही, प्रेशर स्विच नाही, आत पाणी साचून कुठे गंज चढला ते दिसत नाही. वर तो पंप हवेबरोबर तेलाचा धूर सोडतो. फिल्टर नसेल तर तेलकट ठिपक्यांवर रंग धरत नाही. फ्रिजच्या धर्तीचा तयार, व्हॉल्व्ह लावलेला कॉम्प्रेसर मिळतो, फक्त तो आडवा करायचा नाही आणि तेलाची पातळी बघत राहायची.

प्रतिसाद ३

मूर्तींसाठी ०.५चं नोझल वेगळं घ्याच. शाडूचं किंवा चिकणमातीचं अंग रंग पिऊन घेतं, ०.३ने फूटभर मूर्तीचा पहिला हात द्यायला फार वेळ जातो. सफेदा किंवा खडूपूड घातलेलं अस्तर एअरब्रशमध्ये घालू नका, ते ब्रशनेच लावा. कण जाड असतात, नोझल तुंबते. बाकी रंग जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून घ्या. माती आतपर्यंत सुकलेली हवी, पावसाळ्यात वरून कोरडी दिसली तरी पोटात ओल असते आणि मग रंग पापुद्र्याने सुटतो. विसर्जनाचा विचार असेल तर अ‍ॅक्रिलिक टाळा, तो प्लॅस्टिकच आहे. डिंकात कालवलेले नैसर्गिक रंग ०.५मधून छान जातात. छटा आणि डोळ्यांभोवतीची सावली पुन्हा ०.३ने.

धागाकर्ता

एएस-१८६ आणि ०.३चा ब्रश घेतला. दोन अडचणी: ब्रश हातात नसतानाही कॉम्प्रेसर दर पाच मिनिटांनी आपोआप सुरू होतो. आणि कपातल्या रंगात बुडबुडे येतात.

प्रतिसाद २

पहिली हवेची गळती आहे. टाकी भरून बंद करा आणि दहा मिनिटं गेज बघा. काटा उतरतो आहे तर साबणाचं पाणी साध्या ब्रशने जोडांवर लावा, फुगा येईल तिथे जोड सैल आहे. टेफ्लॉन टेप आट्याच्या जोडाला गुंडाळा, रबरी ओ-रिंग असलेल्या जोडाला नको. टाकीखालचा ड्रेन नीट बंद आहे ना तेही पाहा. घाईत अर्धवट राहतो. हा ड्रेन रोज काम संपल्यावर अंदाजे १ बार दाब उरलेला असताना उघडायचा, म्हणजे पाणी जोराने बाहेर पडतं.

दुसरं, बुडबुडे म्हणजे हवा नोझलच्या बुडातून कपात शिरते आहे. नोझल सैल आहे, तिथे वाळलेला रंग अडकला आहे किंवा तिला चीर गेली आहे. काढा, भिंगाखाली बघा, साफ करून सोबतच्या छोट्या पान्याने हलक्या हाताने बसवा. जोर लावला की पितळेचा आटा तुटतो. तरी थांबलं नाही तर आट्यावर किंचित मधमाशीचं मेण लावून पाहा. सुई बाहेर काढलीच आहे तर टोक नखावरून ओढा. अडकलं तर ते वाकलं आहे आणि फवारा एका बाजूला जाईल. रेग्युलेटरजवळचा ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) गरम हवेतली वाफ पकडू शकत नाही, म्हणून ३ मीटरचा पाइप घेऊन ब्रशजवळ दुसरा छोटा ट्रॅप लावा, आणि तो उभाच राहील असा.