शब्दचर्चा : वर गोटे, खाली चिकण. डोलोमाइटवरच्या रानमातीला काय म्हणावं?

रानवाट :
नमस्कार मंडळी. झरी-जामणी तालुक्यातल्या आमच्या ग्रामसभेचा सामूहिक वनहक्काचा आराखडा मराठीत करणं चालू आहे. मातीच्या प्रकरणात अडलोय. मूळ टिपण इंग्रजीत आहे. त्याचा मतलब असा की ही डोलोमाइट खडकावर तयार झालेली, खड्या-गोट्यांनी भरलेली आणि तरीही चिकणमाती जास्त असलेली रानमाती आहे. आमच्यातल्या एकानं सरळ 'मुरमाड' लिहिलं, दुसऱ्यानं 'बरड'. मला दोन्ही पटत नाहीत. रोपवनासाठी खड्डे घेतले तेव्हा वरचा वीतभर थर नुसता गोट्यांचा, कुदळ टणटण वाजत होती. त्याखाली मात्र विटकरी लाल माती, इतकी चिकट की कुदळीचं पातं घडीघडी खरवडावं लागलं. आराखडा ग्रामसभेत वाचून दाखवायचा आहे. ऐकताच लोकांच्या डोळ्यांपुढं माती उभी राहील असा शब्द सुचवा.

पळसपान :
भाऊ, आमच्या इकडं बरड म्हटलं का मानूस समजते का इथं पाणी थांबत नाही, चार दिवस उघाड पडली का पीक वाळते. तुमच्या खड्ड्यात तर खाली चिकन माती हाय म्हणता. मंग त्याले बरड कसं म्हनावं? उद्या सभेत कोनी म्हातारा उठून म्हनन, 'बरडावर साग कायले लावता?' काय सांगसान त्याले?



अश्मक :
पळसपान यांचा मुद्दा बरोबर आहे. 'मुरमाड' तर त्याहून चुकीचं, आणि कारण खडकात आहे.

मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला खडक. आपल्याकडं बहुतेक वेळा तो दख्खनच्या काळ्या खडकाचा, बसाल्टचा. बुटाच्या टाचेनं दाबला तरी चुरा होतो, रस्त्यावर पसरून रोलर फिरवला की बसतो. तो आज दगड असला तरी उद्याची माती आहे. तुमच्या खड्ड्यातले गोटे मात्र फोडून बघा. ते गारगोटीसारखे कडक, धारदार कडांचे निघाले, तर ते मुळात खडकात अडकलेले सिलिकाचे तुकडे आहेत. ते कुजत नाहीत. शंभर वर्षांनी तिथं खणलं तरी तसेच सापडतील.

डोलोमाइट हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा कार्बोनेट. पावसाचं पाणी हवेतला, त्याहून जास्त मुळांच्या आसपासचा कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं आणि हा खडक हळूहळू विरघळवतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातात. जे विरघळत नाही ते जागेवर उरतं : खडकात मुळातच असलेली चिकणमाती, थोडं लोह आणि हे गोटे. जाडं मीठ पाण्यात टाकल्यावर मीठ जातं आणि तळाशी गाळ-खडे राहतात, तसा प्रकार. म्हणून एकाच जागी दोन टोकं भेटतात, अगदी बारीक कण आणि अगदी मोठे खडे. मधली वाळू कमी. लाल रंग त्या उरलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा.

चिकणमाती खाली का? पावसाचं पाणी वरच्या थरातले सर्वांत बारीक कण खाली नेतं. खालच्या ढेकळाची एखादी बाजू उजेडात तिरपी धरा. मेण चोपडल्यासारखी चकाकी दिसली तर ते मुरलेल्या चिकणमातीचे लेप समजावेत. वर जे धुऊन जाऊ शकलं नाही ते उरलं, म्हणजे गोटे.

तुमच्या भागात काळा बसाल्ट आणि त्याच्याहून कितीतरी जुने पैनगंगा गटाचे खडक (तुमचा डोलोमाइट त्यातलाच) शेजारी-शेजारी येतात. त्यामुळं एका धुऱ्याच्या अलीकडं कपाशीची काळी आणि पलीकडं ही लाल, असं दिसू शकतं. दोन्हींत चिकणमाती भरपूर, पण स्वभाव वेगळा. काळीतली चिकणमाती स्मेक्टाइट गटातली. ती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. लाल माती सहसा एवढी फाटत नाही.

काळीमाय :
मग 'चोपण-गोटाळ' कसं वाटतं? चोपण म्हणजे चिकटच की.

खारपाण :
नको हो ताई. मी पूर्णेच्या खोऱ्यातला, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, खारपाणपट्ट्यात आमचं घर. चोपण म्हणजे सोडियम वाढलेली जमीन. ती ओली असताना चिकट लागते हे खरं, पण तिचं दुखणं सोडियमचं, त्यावर जिप्समसारखे उपाय करतात. चिकण म्हणजे फक्त कणांचा बारीकपणा. आराखड्यात 'चोपण' लिहिलं तर कोणीतरी रानात जिप्समच्या गोण्या उतरवायचा!

कुदळ :
पाणलोटाच्या कामात अशा जमिनी बघितल्यात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. शब्द कुठला घ्यायचा ते त्यावर ठरेल.

पहिली गोष्ट प्रयोगशाळेची. मातीचा नमुना तपासायला जातो तेव्हा तो वाळवून, कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. वर उरलेले खडे बाजूला टाकतात. वाळू, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण), चिकणमाती यांचे टक्के फक्त चाळणीखालच्या मातीचे असतात. म्हणून अहवालात नुसतं 'चिकणमाती' येतं आणि गोट्यांचा पत्ता नसतो. रानात उभा असलेला माणूस मात्र म्हणतो, ही तर गोट्यांची जमीन. दोघंही खरं बोलतात. शेताच्या काळ्या मातीत यानं फारसं बिघडत नाही, इथं सगळा हिशेब बिघडतो. समजा, मीटरभर खोल निव्वळ चिकणमाती झाडाला उपयोगी पडेल असं १५ सेंटिमीटर पाणी धरते. त्यातली निम्मी जागा गोट्यांनी खाल्ली, तर उरलं साडेसात. अहवाल वाचून 'भारी जमीन, ओल टिकेल' असं समजून बसलात तर रोपं मार्चमध्येच सुकतील.

मृदा सर्वेक्षणवाले त्यासाठी गोट्यांचं आकारमान वेगळं नोंदवतात. साधारण १५ ते ३५ टक्के असेल तर गोटाळ, ३५ ते ६० असेल तर खूप गोटाळ, त्याच्या वर अति गोटाळ. हे शब्द मी वापरतो, सरकारी नव्हेत. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्यांच्या पद्धतीत पोताच्या (वाळू, पोयटा, चिकण यांच्या प्रमाणावरून ठरणाऱ्या) नावाआधी गोट्यांचं असं विशेषण लागतं, ही गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. डोलोमाइट सगळीकडं सारखा विरघळत नाही, भेगांच्या रेषेत जास्त विरघळतो. त्यामुळं एका खड्ड्यात हातभरावर खडक लागतो आणि चार पावलांवरच्या खड्ड्यात पुरुषभर लाल माती निघते. आराखड्यात खोलीचा एकच सरासरी आकडा देऊ नका, त्याला अर्थ नाही. सागाचं मूळ भेगेत उतरलं तर झाड उभं राहतं, पाटासारख्या खडकावर सापडलं तर खुरटतं. रानातली आहेत ती झाडं बघा. जिथं सालई आणि खुरटा धावडा आहे तिथं खडक वर असण्याचा संभव जास्त.

काळीमाय :
बरं, चोपण मागं घेतलं. पण डोलोमाइट म्हणजे चुनखडीचाच भाऊ ना? 'चुनखडीयुक्त जमीन' हा शब्द तर कृषी विभागाच्या पत्रकांत रुळलेला आहे.

अश्मक :
खडक भाऊ आहेत, पण मातीवर ते नाव चढवू नका. चुनखडीयुक्त म्हणजे जिच्यात मोकळा चुना आहे, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसते ती. तुमच्या गावची कपाशीची काळी पुष्कळदा फसफसेल, तिच्यात चुन्याचे पांढरे खडे असतात. ही रानमाती मात्र वरच्या थरात बहुधा गप्प बसेल, कारण तिच्यातला कार्बोनेट धुऊन गेलाय. चुनखडकावर चुना दिसेलच असं नाही, ही यातली गंमत. खडकाला लागून असलेल्या थरात थोडी प्रतिक्रिया येऊ शकते.

खडक ओळखायलाही तोच थेंब. चुनखडकावर लगेच जोरात फेस येतो. डोलोमाइटवर जवळजवळ काही होत नाही. चाकूनं खरवडून भुकटी काढा आणि तिच्यावर थेंब टाका, मग हलके बुडबुडे येतात.

पळसपान :
म्याग्नेशियम हाय म्हणता त्या खडकात. आमच्या कपाशीवर लाल्या येते तवा म्याग्नेशियम सल्फेट फवारा म्हनतेत. मंग ह्या मातीत कपाशी लावली तं लाल्या येनार नाही का?

कुदळ :
काका, तसं धरून चालू नका. मॅग्नेशियम खडकात आहे, मुळांच्या थरात किती उरलंय ते तपासल्याशिवाय कळत नाही. वरचा थर धुतलेला असतो हे अश्मक यांनी सांगितलंच. आणि लाल्या काही एकट्या मॅग्नेशियमनं येत नाही. नत्र कमी पडलं, बोंडं भरताना ओल तुटली, रात्री गार पडल्या, तरी पानं लाल होतात. शिवाय गोट्यांत डवरणी करायची म्हणजे डवऱ्याची पास आठ दिवसांत बोथट. हे रानच राहू द्या.

रानवाट :
सगळ्यांचे आभार. एका शब्दात मावत नाही हे आता पक्कं झालं, म्हणून असा मजकूर केलाय :

'आपल्या रानाची माती गोटाळ-चिकण आहे. वरच्या वीतभर थरात पालापाचोळा कुजून काळसर झालेली माती आणि कडक गोटे आहेत. त्याखाली लाल चिकणमाती असून तिच्यातही गोटे आहेत. तळाला डोलोमाइट खडक. खोली जागोजागी बदलते. मातीची आर्द्रता धारण क्षमता गोट्यांमुळे कमी होते.'

'बरड' हा शब्द फक्त टेकाडाच्या माथ्यासाठी ठेवलाय, तिथं खरोखरच चिकण नाही.

पळसपान :
गोटाळ-चिकन बेस हाय, लगेच समजते. फक्त ते 'आर्द्रता धारण क्षमता' काढा नं. 'गोट्यायनं जागा घेतली म्हणून ओल कमी दिवस टिकते' असं लिवा.

कुदळ :
आणि त्याच परिच्छेदात खड्ड्यांची सूचना टाका. खणताना वरची काळसर माती एका बाजूला, खालची लाल दुसऱ्या बाजूला. भरताना मुळाशी काळसर घाला. लाल चिकण वर पसरली तर पहिल्या सरीतच चोपून बसते आणि पाणी आत जात नाही. निघालेले गोटे फेकू नका, रोपाभोवती उताराच्या बाजूनं अर्धगोल रचा.