विषय: उत्तर: उत्तर: हॉलची फर्नेस पुन्हा बंद – शनिवारचं हळदीकुंकू

प्रेषक: सचिव
मंगळवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,
आज भजनाला हॉल पुन्हा गार पडला. डक्ट फर्नेस (हॉल तापवणारी गॅसची भट्टी) पेटते, दहा-बारा मिनिटं चालते आणि बंद. लाल बटण दाबलं की सुरू, की परत तेच. आज चार वेळा दाबलं. शनिवारी 140 नावं आली आहेत, बोरन्हाणाची पाच बाळं आहेत आणि बाहेर उणे 18 सांगितलंय. कोणाला काय करता येईल ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. कार्यक्रम पुढे ढकलायचा तर रथसप्तमीच्या आत दुसरा शनिवार मिळत नाही.

प्रेषक: नाना
मंगळवार, रात्री 10:15

ताई, ते बटण लिमिट स्विचचं, म्हणजे फार तापलं की गॅस तोडणाऱ्या स्विचचं. जुना झाला की असाच उगाच गॅस तोडतो. शनिवारपुरत्या त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकू, सोमवारी नवा स्विच बसवू. मी शुक्रवारी येतो. बाळांना गारठ्यात बसवण्यापेक्षा हे बरं.

प्रेषक: अण्णा (हॉल समिती)
बुधवार, सकाळी 6:20

नाना, राग मानू नका, पण त्या वायरींना कोणीही हात लावायचा नाही. आणि ताई, ते बटण दाबत राहणंही आजपासून बंद.
आपली फर्नेस घरातल्यासारखी नाही, तिला स्वतःचा पंखा नसतो. डक्टमध्ये बसवलेली ती नुसती भट्टी. हवा ढकलणारा ब्लोअर वेगळा, तिच्या अलीकडे. हवा कमी आली की हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्वाळा आणि हवा यांच्यामधला पत्रा, भलताच तापतो आणि लिमिट गॅस तोडतो. म्हणजे स्विच बिघडलेला नाही, तो ओरडून सांगतोय की हवा कमी आहे. त्याचं तोंड बंद केलं तर बर्नर जळतच राहील आणि पत्र्याला तडा जाईल. मग ब्लोअरची हवा त्या फटीतून ज्वाळांवर येते, ज्योत धड जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. गॅसला वास घालतात म्हणून गळती नाकाला कळते, हा कळत नाही.
हॉलमधली यंत्रं सभेने हॉल समितीकडे दिली आहेत. मी संध्याकाळी जाऊन बघतो, तोवर थर्मोस्टॅट खाली ठेवा.

प्रेषक: नाना
बुधवार, सकाळी 7:05

अण्णा, तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण दिवाळीलाही मीच बटण दाबून कार्यक्रम पार पाडला होता आणि कोणाला काही झालं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही वाजला नाही.

प्रेषक: वहिनी (स्वयंपाक)
बुधवार, सकाळी 8:30

नाना, कोणाला काही झालं नाही असं म्हणू नका. दिवाळीला स्वयंपाकघरात आम्हा तिघींची डोकी ठणकत होती, मी तर घरी जाऊन ओकले. आम्ही तळणाच्या धुरावर ढकललं. बाहेर अंगणात गेलं की दहा मिनिटांत बरं वाटायचं आणि आत आलं की परत सुरू, हे आता आठवतंय.
एक आधीच सांगते. शनिवारी गुळपोळ्या 300 आहेत, सहा तव्यांवर. गूळ तव्यावर सांडला की काळा धूर होतो, त्यामुळे एक्झॉस्टचा मोठा पंखा मी बंद करू देणार नाही. गेल्या वर्षी कोणालाही न विचारता बंद केला होता.

प्रेषक: भाऊ
बुधवार, सकाळी 11:50

जुन्या फर्नेसवर पैसे घालण्यापेक्षा माझ्याकडे एक तयार आहे. ओळखीच्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान बंद झालं, तिथली तासाला 250,000 बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) डक्ट फर्नेस फुकट देतोय. ब्लोअरच्या अलीकडे रिटर्न (परतीच्या हवेच्या) डक्टला भरपूर जागा आहे, तिथे सहज बसेल. दोघं आले तर शुक्रवारी रात्रीत काम होईल. गॅसच्या पाइपाला मी स्वतः आटे पाडीन.

प्रेषक: काकू
बुधवार, दुपारी 1:10

वहिनींचं वाचून हात थरथरले. आम्ही पुण्यात सदाशिव पेठेत राहायचो तेव्हा शेजारच्या नव्या सुनेला बाथरूममधून उचलून आणलं होतं. आत गॅस गिझर, खिडकी थंडीमुळे वर्तमानपत्राने बंद केलेली. पाणी वाहतच होतं, आणि ती भिंतीला टेकून बसलेली, चेहरा अगदी गुलाबी, जणू झोपली आहे. दार फोडलं म्हणून वाचली. तेव्हापासून मी बंद खोलीत काहीही जळताना बघू शकत नाही. अण्णा म्हणतील तसं करा.

प्रेषक: अण्णा (हॉल समिती)
बुधवार, रात्री 9:55

आत्ता हॉलवरून आलो. आधी भाऊंना उत्तर देतो.
भाऊ, मन मोठं आहे तुमचं, पण ती फर्नेस आणू नका. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात क्लोरिन असतो. त्याची वाफ ज्योतीत गेली की आम्ल होतं आणि हीट एक्स्चेंजर आतून खातं, बाहेरून रंग छान दिसतो. शिवाय ब्लोअरच्या अलीकडे डक्ट फर्नेस कधीच बसवायची नाही. तिथे ओढ असते, बारीकशी भोकं असली तरी धुराड्यातली हवा डक्टमध्ये खेचली जाते आणि थेट हॉलमध्ये येते. आपल्याकडे एसीची कॉइल फर्नेसच्या आधी आहे, उन्हाळ्यात एक्स्चेंजरवर पाणी सुटतं, म्हणून तो स्टेनलेसचाच लागतो. आणि ऑन्टारिओत गॅसच्या पाइपाला टीएसएसए या तांत्रिक सुरक्षा संस्थेचा परवाना असलेल्यानेच हात लावायचा. आपली 400,000 बीटीयूच्या आत आहे, जी2 दर्जाच्या परवान्याचा फिटर चालतो.
आता काय सापडलं ते. पाटीवर तापमानवाढ 30 ते 80 अंश फॅरनहाइट लिहिली आहे. मी डक्टमध्ये दोन थर्मामीटर घातले, पुढचा वळणापलीकडे, एक्स्चेंजरची झळ सरळ लागू नये म्हणून. आत येताना 58, बाहेर पडताना 148. वाढ 90. आपल्याही 250,000 बीटीयूच्या फर्नेसमधून साधारण 200,000 हवेत उतरतात, त्या हिशेबाने मिनिटाला जेमतेम 2,050 घनफूट हवा जातेय. 50 अंशांची वाढ हवी तर 3,700 लागतात. कारण फिल्टर. महामारीत आपण मर्व्ह 13 चे (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा) दाट फिल्टर घातले, ब्लोअर तोच ठेवला, आणि आताचे फिल्टर गालिच्यासारखे मळले आहेत.
दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवून गेली. फर्नेसच्या खोलीत ज्वलनासाठी हवा येणाऱ्या दोन्ही जाळ्यांसमोर नाटकाचे फ्लॅट (नेपथ्याच्या चौकटी) उभे आहेत, खालच्या जाळीवर पुठ्ठा चिकटवलाय. मी उदबत्ती पेटवून ड्राफ्ट हूडच्या (फर्नेसचा धूर चिमणीत जातो तिथल्या उघड्या टोपीच्या) तोंडाशी धरली. स्वयंपाकघराचा पंखा बंद असताना धूर आत, चिमणीकडे जात होता. पंखा लावला आणि तोच धूर वळून माझ्या चेहऱ्यावर आला. वहिनी, तुमची डोकी तळणाने दुखत नव्हती. पंखा खोलीतली हवा ओढत होता आणि चिमणीतला धूर खाली येत होता.
नाना, अलार्म वाजला नाही याचा अर्थ हवा स्वच्छ होती असा नाही. 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग कार्बन मोनॉक्साइड) तो एक ते चार तासांनी वाजतो, तोवर कार्यक्रम संपूनही जाऊ शकतो. 2008 साली ऑन्टारिओतल्याच वुडस्टॉकमध्ये चिमणी तुंबून चौघांचं कुटुंब गेलं, त्यानंतर इथे घरांत अलार्मचा कायदा आला. अलार्म शेवटचा रखवालदार आहे.

प्रेषक: दादा (नाट्यविभाग)
बुधवार, रात्री 11:20

पुठ्ठा आम्ही लावला, जाळीतून बर्फासारखं वारं यायचं आणि रंग वाळत नव्हते. चूक झाली. पण फ्लॅट तिथे ठेवायला जागा मंडळानेच दिली होती, एप्रिलच्या प्रयोगाचे आहेत, बाहेर ठेवले तर वाकतील. कोणीतरी जागा सांगा.

प्रेषक: अण्णा (हॉल समिती)
गुरुवार, सकाळी 6:05

माझ्या गॅरेजमध्ये आणा. स्प्रे रंग आणि थिनरचे डबेही काढा, त्यांची वाफसुद्धा ज्योतीत जाता कामा नये.

प्रेषक: वहिनी (स्वयंपाक)
गुरुवार, सकाळी 7:40

मग मी पंखा लावू की नको?

प्रेषक: अण्णा (हॉल समिती)
गुरुवार, सकाळी 7:55

वहिनी, या शनिवारी पोळ्या घरी लाटून-भाजून आणा. पंख्याला बाहेरून भरपाईची हवा मिळेपर्यंत पंखा आणि फर्नेस एका वेळी चालवायचे नाहीत.

प्रेषक: नाना
गुरुवार, सकाळी 8:30

अण्णा, माझं चुकलं. दिवाळीला बटण मीच दाबलं होतं. आज दुपारी मर्व्ह 8 चे फिल्टर घेऊन येतो. मापं पाठवा.

प्रेषक: सचिव
गुरुवार, दुपारी 2:15

ठरलं ते असं. जी2 फिटर शुक्रवारी सकाळी 10 ला येतोय. गॅसचा दाब, ब्लोअर बंद असताना बर्नर पेटत नाही ना, आणि चिमणीची ओढ हे तो तपासेल. एक्स्चेंजर आतून बघायला डक्टचं झाकण उघडावं लागेल, ब्लोअरजवळची शिडी कोणी हलवू नका. त्याने लाल टॅग (धोका, वापरू नका अशी चिठ्ठी) लावला तर हळदीकुंकू माझ्या आणि काकूंच्या घरी दोन गटांत, बोरन्हाण माझ्याकडे. गुळपोळ्या घरून: वहिनी 80, काकू 60, मी 60. उरलेल्या 100 कोण घेतंय? फ्लॅट हलवायला आज संध्याकाळी 7 ला चार माणसं आणि व्हॅन हवी. भाऊ, तुमची व्हॅन मिळेल का?

प्रेषक: भाऊ
गुरुवार, दुपारी 2:40

येतो. पोळ्या 40 आमच्याकडे. त्या दुकानातली फर्नेस भंगारात द्यायला सांगितलं आहे.