मदत हवी आहे : एक्स्टर्नल वेस्टगेट आणि बूस्ट कंट्रोलरचे पाइप, बूस्ट थांबतच नाही (ऑक्टाव्हिया १.८ टर्बो, सातारा)

नमस्कार मंडळी,

गाडी वडिलांची, २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस. कंपनीचा टर्बो तेल टाकायला लागला म्हणून गेल्या वर्षी थोडा मोठा टर्बो बसवला. त्याला आतला वेस्टगेट नाही (वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप; तीच बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब, आवरते). त्यामुळे कोल्हापुरात एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (इंजिनापासून टर्बोपर्यंतच्या नळ्या) बनवून घेतानाच ३८ मिमीचा एक्स्टर्नल, म्हणजे टर्बोच्या बाहेर बसणारा वेस्टगेट लावून घेतला. आत स्प्रिंग ०.५ बारची आहे. इंजेक्टर मोठे आहेत आणि ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) सध्या फक्त ०.५ बारपुरता बेस मॅप, म्हणजे प्राथमिक सेटिंग आहे. पुण्यात डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) ट्यूनिंग करायचं ठरलंय, पण ट्यूनरची अट एकच : गाडी आधी नुसत्या स्प्रिंगवर स्थिर चालली पाहिजे. तिथंच घोडं अडलंय.

मी केलेली जोडणी अशी. टर्बोच्या कंप्रेसर हाउसिंगवरच्या (हवा दाबणाऱ्या भागावरच्या) निपलमधून पाइप काढला, त्याला टी लावली. एक फाटा वेस्टगेटच्या बाजूच्या निपलला, दुसरा फाटा बूस्ट कंट्रोलरच्या तीन तोंडांच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला). सोलेनॉइडमधून एक पाइप वेस्टगेटच्या टोपीवरच्या निपलला. तिसऱ्या तोंडावर छोटा फिल्टर, ते हवेत मोकळं. हा सोलेनॉइड गाडीच्या मूळ बूस्ट व्हॉल्व्हच्या (एन७५) चित्रावरून जोडलाय, कारण तोही तीन तोंडांचाच.

तिसऱ्या गियरमध्ये साडेतीन हजारला पाय पूर्ण दाबला की बूस्ट गेजचा काटा ०.५ ला थांबत नाही. १.१ दिसले आणि मी पाय काढला. कंट्रोलरचं सेटिंग चुकलं असेल म्हणून त्याचा फ्यूजच काढला, तरी तेच. त्यानंतर गाडीला हात लावलेला नाही. या इंजिनाचा पिस्टन गेला तर सुटे भाग गोळा करण्यातच वर्ष जाईल, आणि वडिलांना काय सांगू हा प्रश्न वेगळाच.

इथं तिघांना विचारलं. एक म्हणतो टोपीवरचं निपल बोल्ट मारून बंद करा. दुसरा म्हणतो बूस्टचा पाइप थ्रॉटलच्या पुढे इनटेक मॅनिफोल्डवरून घ्या. तिसरा म्हणतो स्प्रिंग हलकी टाका. कुणाचं ऐकू?

प्रतिसाद

भाऊ, तिघांपैकी कुणाचंच करू नका. स्प्रिंग बदलायची तर मुळीच नको, तिच्यावर आधी संशय घ्यायला कारण नाही.

वेस्टगेटच्या आत डायफ्राम (लवचीक पडदा) असतो. बाजूच्या निपलमधून आलेली हवा त्याला खालून ढकलते, म्हणजे झडप उघडायला बघते. स्प्रिंग वरून दाबून झडप बंद ठेवते. टोपीतून आलेली हवा स्प्रिंगच्या बाजूने लढते. म्हणून टोपीत जितका दाब जास्त, तितकी झडप उशिरा उघडणार आणि बूस्ट वाढणार. कंट्रोलर सोलेनॉइडची उघडझाप करून हा टोपीतला दाब कमीजास्त करतो, बाकी काही नाही. म्हणूनच स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कुठलाही कंट्रोलर देऊ शकत नाही. जोडणी बरोबर असताना नीट ताब्यात राहील अशी वरची मर्यादा साधारण स्प्रिंगच्या दुप्पट धरा.

आता तुमचं बघा. फ्यूज काढल्यावरही बूस्ट वाढतो, म्हणजे वीज नसताना टोपीत दाब जातोय. खाली जितका दाब तितकाच वर. दोन्ही एकमेकांना मारतात, उरते एकटी स्प्रिंग आणि झडप बंदच राहते. आतल्या वेस्टगेटवर ॲक्चुएटरला (झडप ढकलणाऱ्या डबीला) एकच पाइप असतो आणि तिथं वीज गेली की दाब ॲक्चुएटरकडे जाणंच सुरक्षित. एक्स्टर्नलच्या टोपीला नेमकं उलटं हवं : वीज गेली की टोपी बाहेरच्या हवेला मोकळी. एन७५ चं चित्र इथं चालत नाही ते यामुळे.

सोलेनॉइड काढा, वीज न देता तोंडाने फुंका. टोपीकडच्या तोंडातून फुंकलं की हवा फिल्टरकडून बाहेर आली पाहिजे. १२ व्होल्ट दिले की बूस्टच्या पाइपाकडून. उलटं निघालं तर बूस्टचा आणि फिल्टरचा पाइप अदलाबदल करा. तोंडांवरच्या आकड्यांवर जाऊ नका, फुंकून बघितलेलं खरं.

टोपीचं निपल बंद केलंत तर आत कोंडलेली हवा झडपेला उघडू देत नाही. इनटेक मॅनिफोल्डवरून पाइप घेतला तर पाय काढल्यावर तिथं व्हॅक्यूम येतो. कंप्रेसरवरून घेतलाय तेच योग्य. फक्त त्या पाइपावर गेज किंवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची (पाय काढल्यावर अडकलेला दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) टी मारू नका.

आणि बाजूच्या निपलचा पाइप सगळ्यात जपा. तो निसटला किंवा मॅनिफोल्डच्या उष्णतेने वितळला की बूस्टला लगाम राहत नाही. शेवटचा वीतभर भाग स्टीलची जाळी असलेला घ्या, दोन्ही टोकांना क्लिप.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. आज दिवसभर यातच होतो.

फुंकून पाहिलं. तुम्ही म्हणालात तसंच, वीज नसताना हवा सरळ बूस्टकडून टोपीकडे. मग सोलेनॉइड बाजूलाच ठेवला. टीचा तो फाटा बंद केला, टोपीचं निपल मोकळं सोडलं. गॅरेजशेजारच्या पेंटरकडे रेग्युलेटरवाला कंप्रेसर आहे, त्यावरून बाजूच्या निपलला हळूहळू दाब दिला. अर्ध्या बारच्या आसपास झडप हलायला लागली आणि डायफ्राममधून गळतीचा आवाज नाही. म्हणजे स्प्रिंग ठीक.

मग गाडी दुसऱ्या गियरमध्ये पाहिली. ३५०० ला ०.५५ वर काटा थांबला. तो थांबलेला बघून किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

पण पुढे आरपीएम वाढतो तसा काटा सरकतो. ६००० जवळ ०.७. हे पाइपाचंच काही असेल का?

प्रतिसाद (दुसरे सदस्य)

पाइपाचं नाही. पाइपाची चूक असती तर सुरुवातीपासून दिसली असती. हा बूस्ट क्रीप आहे. झडप पूर्ण उघडूनही एक्झॉस्टचा पुरेसा वायू बाहेर पडत नाही, उरलेला टर्बाइन फिरवतच राहतो. कंट्रोलरने हे कधीच सुटत नाही. चारही नळ्या जिथं एकत्र येतात तिथून वेस्टगेटचा फाटा कसा निघतो ते बघा. प्रवाहाच्या दिशेने तिरपा हवा. काटकोनात, किंवा मागे वळून निघाला असेल तर वायू तिकडे जाणार नाही, तो टर्बाइनकडेच धावणार. वेल्डिंगचा थेंब आत आलाय का तेही बोट घालून पाहा.

अजून एक, यवतेश्वरच्या किंवा कुठल्याही घाटात टेस्ट करू नका. रस्त्याची जोखीम तर आहेच. शिवाय वेस्टगेट बाहेरच्या हवेशी तुलना करून उघडतो. उंचीवर बाहेरची हवा विरळ, त्यामुळे गेजवर तेच ०.५ दिसायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. सातारचे आणि कासचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

धागाकर्ता

खाली वाकून मोबाइलच्या उजेडात पाहिलं. फाटा जवळजवळ काटकोनातच निघालाय. बनवून घेताना मी फक्त तो बॉनेटखाली बसतो का एवढंच पाहिलं होतं.

रविवारी मॅनिफोल्ड उतरवून कोल्हापूरला नेतो. फाटा तिरपा करून मागायचा, तर आहे त्याच मॅनिफोल्डवर कापून वेल्ड केलेला टिकेल, की नवीनच बनवू? मटेरियल स्टेनलेस ३०४ आहे. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा. तोपर्यंत ४५०० च्या वर नेत नाही, आणि सोलेनॉइड डिकीतच आहे.