स्टीअरिंग मधूनच जड होतंय, घाटातून न्यावी का गाडी?

प्रश्न (रामबाग, इंदूर):
2011 ची डिझेल हॅचबॅक, हायड्रॉलिक (ऑईलच्या दाबावर चालणारं) पॉवर स्टीअरिंग. राजवाड्याच्या गर्दीत हळू चालवताना स्टीअरिंग मधूनच जड होतं, रेस दिली की हलकं. पूर्ण वळवलं की पुढून घूंऽऽ आवाज येतो. शनिवारी आई-बाबांना ओंकारेश्वरला न्यायचंय. स्टीअरिंगचं ऑईल टाकून वाटेतला भेरूघाट उतरता येईल का?

उत्तर 1:
नेऊ नका. सतत जड असलेल्या स्टीअरिंगचा हाताला अंदाज येतो. मधूनच जड होणारं जास्त घातक: ऐन वळणावर मदत गेली की तेवढ्याच जोरात चाक निम्मंच वळतं, आणि गाडी समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला जाते.

रेस दिल्यावर हलकं होतंय, म्हणजे आयडलवर (रेस न देता इंजिन चालू असताना) स्टीअरिंगच्या पंपाचा दाब पुरत नाही. ऑईल कमी, बेल्ट सैल किंवा पंप झिजलेला. बेल्ट घसरला तर आवाज चिरका येतो. घूं आवाज बहुतेक ऑईलमधल्या हवेचा. इंजिन थंड असताना स्टीअरिंग ऑईलची डबी उघडून पातळी आणि फेस बघा. टायरची हवाही दारावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या, ती कमी असली तरी स्टीअरिंग जड लागतं.

प्रश्नकर्ता:
पाहिलं. ऑईल डबीवरच्या मिनच्या खुणेखाली, काळपट, वर फेस. बेल्टला तडे नाहीत. जमिनीवर डागही नाही.

उत्तर 2:
डाग नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. रॅकच्या (पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या) दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा. आतलं सील गेलं की ऑईल तिथेच साठतं. डबीतून पंपाकडे जाणाऱ्या जाड पाइपची क्लिपही तपासा. ती ढिली असेल तर थेंबही न गळता हवा आत ओढली जाते. काही गाड्यांत डबीच्या तळाशी जाळी असते, ती तुंबली तर डबीच बदलायची.

गळती काढल्यावर ऑईल पूर्ण बदला, साधारण 1 लिटर लागतं. मॅन्युअलमध्ये दिलेलंच घ्या. बऱ्याच गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) चालतं, सगळ्यांना नाही. ब्रेक ऑईल चुकूनही नको, सील फुगतात. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत 10-15 वेळा फिरवा आणि डबी मिनखाली जाऊ देऊ नका. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा 4-5 वेळा. टोकाला 5 सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तिथे दाब सगळ्यात जास्त असतो. एवढं करूनही घूं राहिला तर बहुतेक पंप गेला.

उत्तर 3:
मेकॅनिकपर्यंत जाताना ऑईल मिन-मॅक्सच्या मध्ये भरून हळू जा. डबी रिकामी असेल तर टो करा. कोरडा पंप चालला की धातूचा चुरा रॅकमध्ये जातो आणि खर्च कितीतरी वाढतो. वाटेत जड झालं तर दोन्ही हातांनी धरून कडेला घ्या. चालत्या गाडीचं इंजिन बंद करू नका, ब्रेकची मदतही जाईल. बॅटरीचा दिवा लागला किंवा तापमान चढलं तर लगेच थांबा: अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतात.

इलेक्ट्रिक स्टीअरिंगवाल्यांनी (त्यात ऑईलऐवजी मोटर मदत करते) आधी बॅटरी मोजावी. इंजिन बंद असताना साधारण 12.5 व्होल्ट, चालू असताना 14 च्या आसपास. त्याहून बरीच कमी असेल तर मोटर बदलण्याआधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंग बघा.