आरसीआय नूतनीकरण जवळ आलंय: सीआरईचे पॉइंट कुठून आणि कोणते घ्यावेत?

ऐरोलीकर

नमस्कार. बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा विषयातली पदवी) झालेल्या, आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषदेच्या) केंद्रीय नोंदवहीत ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट म्हणून नाव असलेल्यांसाठी हा प्रश्न आहे. पुढच्या मार्चमध्ये माझ्या नोंदणीची पाच वर्षं संपतात. काम दोन ठिकाणी आहे. सकाळी नौपाड्यात ईएनटी डॉक्टरांच्या ओपीडीत ऑडिओमेट्री, टिम्पॅनोमेट्री (पडदा आणि मध्यकर्णाची तपासणी) आणि बेरा (आवाजाला श्रवणतंतूचा प्रतिसाद इलेक्ट्रोड लावून मोजणं). संध्याकाळी ऐरोलीत थेरपी, त्यात बहुतेक उशिरा बोलणारी मुलं आणि पक्षाघाताचे थोडे पेशंट.

फाइलमध्ये सर्टिफिकेटं भरपूर आहेत, पण सरमिसळ आहे. आरसीआय मान्यतेचे सीआरई (नोंदणी टिकवायला लागणारं प्रशिक्षण), हिअरिंग एड कंपन्यांची ट्रेनिंग, ईएनटी परिषदा, परदेशी वेबसाइटवरचे कोर्स असं सगळं एकत्र. मोजायला बसल्यावर धरण्याजोगे पॉइंट कमी पडताहेत असं दिसतं.

१. यातलं नेमकं काय धरलं जातं?
२. रजा मोजक्याच मिळतात. पॉइंटही होतील आणि पेशंटलाही उपयोग होईल, असं काय निवडावं?
३. एक सहकारी अमेरिकेतल्या कुटुंबांना ऑनलाइन थेरपी देते आणि आशाचे (अमेरिकेतल्या आपल्या व्यवसायाच्या संघटनेचे) प्रशिक्षणाचे तास गोळा करते. ते इथे चालतात का?

नोंदवही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

पाच वर्षांत १०० पॉइंट हा हिशेब. म्हणजे वर्षाला साधारण २०. शेवटच्या वर्षावर ढकललं की मिळेल त्या विषयाचा कार्यक्रम घ्यावा लागतो, आणि तुमचा दुसरा प्रश्न तिथेच निकालात निघतो. नोंदणीची मुदतही हलक्यात घेऊ नका. आरसीआय कायदा, १९९२ च्या कलम १३ प्रमाणे नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल, पण शाळेला किंवा विमा कंपनीला दिलेल्या रिपोर्टवर सीआरआर नंबर (केंद्रीय नोंदवहीतला नंबर) असतो. मुदत संपलेला नंबर कोणी तपासला, तर रिपोर्टच अडतो आणि फेऱ्या पेशंटला माराव्या लागतात.

आता फाइल जमिनीवर पसरा आणि एकेक सर्टिफिकेट हातात घेऊन पाच गोष्टी बघा: आरसीआयच्या मान्यतेचा उल्लेख, तुमचा सीआरआर नंबर, नोंदवहीत आहे तसंच नाव, चालू पाच वर्षांतली तारीख, आणि पॉइंटचा स्पष्ट आकडा. पाचही असतील तर ते एका गठ्ठ्यात. मान्यता आहे पण नाव किंवा नंबर चुकलाय, असे दुसऱ्या गठ्ठ्यात. मान्यताच नाही ते तिसऱ्यात.

सगळ्यात आधी दुसऱ्या गठ्ठ्यामागे लागा. लग्नानंतर बदललेलं आडनाव, वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही, नंबरातला एखादा आकडा इकडचा तिकडे, असल्या बारीक गोष्टींवर पॉइंट अडकतात. दुरुस्ती आयोजकच करू शकतात, कारण हजेरीपट त्यांच्याकडे असतो. कार्यक्रम होऊन तीन वर्षं झाली आणि संयोजक ते कॉलेज सोडून गेले, की कागद शोधून काढणं फार कठीण. आजच ईमेल करा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र आणि ते सर्टिफिकेट जोडा, आणि चुकीचं काय, बरोबर काय, ते एका ओळीत लिहा.

तिसऱ्या गठ्ठ्याचा पॉइंटसाठी उपयोग नाही. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकण्यासारखं पुष्कळ असतं, पण सीआरई म्हणून आयोजकाने आधी मान्यता घेतलेली असावी लागते. ईएनटी परिषदेत मिळणारे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट अवर्स डॉक्टरांच्या नोंदणीसाठी असतात, त्यांचा आपल्या नोंदवहीशी संबंध नाही. पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी मान्यतेचं पत्र मागा. कार्यक्रम कोणत्या प्रवर्गासाठी आहे आणि पॉइंट किती, हे दोन्ही त्यावरून कळतं. "मान्यता येणार आहे" या आश्वासनावर पैसे भरू नका.

जवळची ठिकाणं सांगायची तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आपल्या विषयाची. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. ठाणे-पनवेल लोकलने ऐरोलीहून थेट जाता येतं. तिथला भर बौद्धिक अक्षमतेवर असतो, तुमच्या संध्याकाळच्या मुलांसाठी तो लागू पडतो. माहितीपत्रकात आपला प्रवर्ग आहे ना, एवढं मात्र बघून घ्या.

नादमय

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत ठाम आहे. तुम्ही लहान बाळांचा बेरा करत असाल, तर उरलेले पॉइंट त्यावरच घ्या, आणि तेही प्रत्यक्ष मशीनवर हात ठेवायला मिळेल अशाच कार्यक्रमात. थेरपीत चुकलेली दिशा चार आठवड्यांनी बदलता येते. बाळाचा रिपोर्ट चुकीचा "नॉर्मल" गेला, तर पालक निर्धास्त होतात आणि थेट मूल दोन वर्षांचं झाल्यावर परत येतात. पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा क्रम मग गेलाच.

कार्यक्रम निवडताना खालच्या गोष्टी शिकवणार आहेत का, ते विचारा.

ऑडिटरी न्यूरोपॅथी (केशपेशी ठीक, पण मज्जातंतूतून संदेश नीट जात नाही) कशी पकडायची. बऱ्याच ओपीडीत क्लिक (बेराचा टकटक आवाज) कायम आल्टरनेटिंग पोलॅरिटीने, म्हणजे दिशा आलटून-पालटून, दिला जातो. त्यात कॉक्लियर मायक्रोफोनिक (केशपेशींचा विद्युत प्रतिसाद) एकमेकांना छेदून पुसला जातो, आणि सपाट रेघ बघून "तीव्र श्रवणदोष" लिहिलं जातं. ८० ते ९० डीबी एनएचएलवर रेअरफॅक्शन आणि कंडेन्सेशन (दोन उलट दिशांचे क्लिक) वेगवेगळे घ्या आणि एकावर एक ठेवून बघा. मायक्रोफोनिक पोलॅरिटीबरोबर उलटा होतो, मज्जातंतूच्या लहरी उलटत नाहीत. आवाज कमी केल्यावर लहरी उशिरा येऊ लागतात, मायक्रोफोनिक जागचा हलत नाही. मग इन्सर्टची (कानात घालायच्या इअरफोनची) नळी चिमट्याने बंद करून परत रेकॉर्ड करा. रेघ गेली तर ती कानातून येत होती. तशीच राहिली तर तो स्टिम्युलस आर्टिफॅक्ट. हेडफोनवर ही खात्री करता येत नाही, म्हणून इन्सर्ट हवेतच.

याच कारणाने एनआयसीयूत पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाला नुसत्या ओएईवर (केशपेशींतून परत येणाऱ्या आवाजाच्या चाचणीवर) पास करू नये. बाहेरच्या केशपेशी ठीक असतील तर ओएई येतं, दोष त्याच्या पुढे असतो.

टिम्पॅनोमेट्री. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला २२६ हर्ट्झचा टोन नको, १००० हर्ट्झचा हवा. तान्ह्या बाळाची कानाची नळी मऊ असते, दाबाबरोबर तिच्याच भिंती हलतात आणि मध्यकर्णात पाणी असूनही छान शिखर येतं. मशीनमध्ये १००० हर्ट्झची सोय नसेल, तर रिपोर्टमध्ये तसं लिहा.

इलेक्ट्रोडची तयारी. इम्पीडन्स (त्वचेशी जोडणीतला विद्युत रोध) ५ किलोओमच्या आत आणि दोन इलेक्ट्रोडमधला फरक २ च्या आत ठेवा. आपल्याकडे नेहमी नडतं ते तेल. सकाळी मालीश झालेली असते, टाळू भरलेली असते, आणि कितीही घासलं तरी कपाळावर इलेक्ट्रोड धरत नाही. अपॉइंटमेंट देतानाच सांगा: त्या दिवशी डोक्याला आणि कानामागे तेल नको, बाळाला झोपू न देता आणा, दूध इथे आल्यावर पाजा. खोलीत ५० हर्ट्झचा (विजेच्या जोडणीतून येणारा) त्रास असेल तर आधी इन्व्हर्टर, एसी, ट्यूबलाइट आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघा. भाड्याच्या गाळ्यांत अर्थिंग नावालाच असतं, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आयोजकाला आणखी एक विचारा, एका मशीनमागे किती जण? चाळीस जण आणि एक मशीन असेल, तर ते व्याख्यानच झालं.

शब्दवेडी

नादमय, बाळांबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण सगळे पॉइंट तिकडे नकोत. ऐरोलीकरांकडे पक्षाघाताचे पेशंट आहेत. गिळण्यातली चूक चार आठवडे थांबत नाही, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. शिवाय बीएएसएलपीच्या वर्षांत डिस्फेजियाचं (गिळण्याच्या त्रासाचं) प्रत्यक्ष काम अनेकांना फार थोडं मिळतं. म्हणून एक कार्यक्रम तरी यावर घ्या. त्यात व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचा एक्स-रे) किंवा फीसच्या (नाकातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीच्या) चित्रफिती बघून निदान करायला लावतात का, ते विचारा. सायलेंट ॲस्पिरेशनमध्ये (अन्नपाणी नकळत श्वासनलिकेत जातं तेव्हा) खोकलाच येत नाही. खाटेजवळ पाणी पाजून "ठसका नाही, म्हणजे ठीक" म्हणणं धोक्याचं आहे.

आयडीडीएसआयचे (अन्न-पेयांच्या घट्टपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीचे) स्तर बहुतेक ठिकाणी स्लाइडवर दाखवून सोडून देतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या पदार्थांवर ते करून बघायला हवेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

१० मिलीची सिरिंज घ्या. तिच्यावरच्या शून्य ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं, कारण सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात आणि मग आकडे फसवतात. दट्ट्या काढा, टोकाला बोट लावा, १० मिलीपर्यंत भरा, बोट काढा आणि १० सेकंदांनी पुन्हा लावा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर स्तर शून्य, १ ते ४ उरलं तर एक, ४ ते ८ तर दोन, ८ च्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर तीन. थेंबही पडला नाही तर चार किंवा त्याहून घट्ट. तिथे सिरिंज पुरत नाही, काटा आणि चमचा उलटा करून बघावं लागतं.

भाताची पेज गाळून मगच भरा. शीत टोकाशी अडकलं की पातळ पेजही घट्ट ठरते. वरणाचं पाणी ठेवल्यावर डाळ खाली बसते आणि वर पाणीच राहतं, त्यामुळे पहिला घोट आणि शेवटचा घोट वेगळ्या स्तराचे होतात. नाचणीची आंबील गरम असताना दोन आणि गार झाल्यावर तीन भरू शकते. ज्या तापमानाला पेशंट खाणार, त्याच तापमानाला मोजा.

घरच्यांना हमखास सांगायची गोष्ट: तोंडातून काढलेला चमचा परत वाटीत बुडवू नका. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं, त्यामुळे पेज आणि स्टार्चची थिकनर पावडर घातलेलं पाणी, दोन्ही जेवण संपेपर्यंत पातळ होतात. गम असलेल्या पावडरीला हे होत नाही. पेशंट हळू खात असेल तर वाटी दोन करा, एक झाकून ठेवा.

आणि घट्ट म्हणजे सुरक्षित, हाही समज काढून टाका. फार घट्ट अन्न घशात साचून राहतं आणि जेवणानंतर आत जातं. स्तर गिळण्याच्या तपासणीवरून ठरवायचा असतो, भीतीपोटी नाही.

ऐरोलीकर

मनापासून धन्यवाद. दुसरा गठ्ठा खरंच निघाला, आयोजकांना ईमेल केले. दोन शंका उरल्या. ऑनलाइन सीआरई घ्यावेत का? आणि तिसऱ्या प्रश्नावर कोणी सांगेल का?

नोंदवही

मान्यता असेल तर घ्या, पण विषय बघून. कायदा, नीतिमत्ता, एखाद्या चाचणीच्या निकालांचं वाचन, हे पडद्यावर चांगलं शिकता येतं. बेरा, रिअल इअर मेजरमेंट (श्रवणयंत्राचा आवाज प्रत्यक्ष कानात मोजणं) आणि गिळण्याची तपासणी यांना प्रत्यक्षच जा. रजा तिकडे खर्च करा. ऑनलाइनला लॉगिन करताना सर्टिफिकेटवर हवं तेच पूर्ण नाव टाका. "आयफोन" नावाने बसलेल्यांची हजेरी जुळवता येत नाही.

पॅसिफिक टाइम

तिसऱ्याचं उत्तर. आशाचे तास आरसीआयच्या १०० पॉइंटमध्ये मोजले जात नाहीत. उलट दिशेला मात्र वाट आहे. आशाचं सीसीसी (व्यावसायिक पात्रतेचं प्रमाणपत्र) टिकवायला तीन वर्षांच्या टप्प्यात ३० तास लागतात, त्यातला किमान एक तास नीतिमत्तेचा. हे सगळे तास आशा-मान्य संस्थेचेच हवेत असं बंधन नाही. विषय आपल्या कार्यक्षेत्रातला असावा आणि तारीख, तास, विषय यांचा पुरावा जपून ठेवलेला असावा. त्यामुळे वांद्र्यात केलेला इंग्रजी माहितीपत्रकाचा सीआरई तिथे दाखवता येतो. माहितीपत्रक, वेळापत्रक आणि सर्टिफिकेट तिन्ही स्कॅन करून ठेवायला सांगा, कारण नुसत्या सर्टिफिकेटवर बऱ्याचदा तास लिहिलेले नसतात. आशाचं ०.१ सीईयू म्हणजे एक तास, हे गणितही अनेकांचं चुकतं. ३.० सीईयू म्हणजे ३० तास.

तुमच्या सहकारी मॅडमनी यापेक्षा महत्त्वाची गोष्ट बघायला हवी. सीसीसी म्हणजे लायसन्स नव्हे. मूल ज्या राज्यात बसून थेरपी घेतं, त्या राज्याचं लायसन्स लागतं, आणि शिक्षणाच्या तासांचा नियम प्रत्येक राज्याचा वेगळा. कॅलिफोर्नियात स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्टला दोन वर्षांत २४ तास, आणि घरबसल्या एकट्याने केलेल्या कोर्सवर मर्यादा. म्हणजे आरसीआयचं पाच वर्षांचं, आशाचं तीन वर्षांचं आणि राज्याचं दोन वर्षांचं, अशी तीन वेगळी चक्रं. एकाच तक्त्यात तीन रकाने करून प्रत्येक कार्यक्रम कुठे कुठे चालतो ते लिहीत गेलं, तर बरेच तास दोन ठिकाणी वापरता येतात.

नादमय

ऐरोलीकर, नोंदवहींनी रिअल इअरचा उल्लेख केलाय म्हणून एवढं सांगतो. लहान मुलांच्या मशीन (श्रवणयंत्र) फिटिंगचा कार्यक्रम मिळाला, तर त्यात आरईसीडी (खऱ्या कानातल्या आणि चाचणीच्या कपलरमधल्या आवाजाच्या पातळीतला फरक) मोजायला शिकवतात का ते विचारा. मुलाच्या कानाची नळी लहान, त्यामुळे तोच आवाज त्याच्या कानात मोठा होतो. सरासरी आकड्यांवर बसवलेलं मशीन एखाद्याला कमी पडतं, एखाद्याला जास्त होतं. आणि नळी वाढते, म्हणून इअरमोल्ड बदलला की आरईसीडी पुन्हा मोजायचा.